बंदुकीचे कायदे: कोणाच्या भीतीतून आले, कोणाच्या दुःखातून आले

भारतात बंदूक ठेवायला परवाना लागतो हे आपण इतकं गृहीत धरलंय की तो नियम आला कधी आणि कशासाठी हे कोणी विचारतच नाही. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी अवधकडे गावोगाव झडत्या घेऊन हत्यारं गोळा केली, आणि मग १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात देशभरासाठी शस्त्र कायदा आला. त्याच वर्षी त्याच लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही आणला होता. तो पुढे रिपनच्या काळात रद्द झाला, शस्त्र कायदा मात्र राहिला. त्यातली चीड आणणारी गोष्ट म्हणजे परवाना भारतीयांना, युरोपियन लोकांना सूट. इकडे दख्खनमध्ये तेव्हा दुष्काळाने माणसं मरत होती आणि पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना घेऊन बंड केलं, तेव्हा सरकारला हा कायदा कशासाठी हवा होता ते वेगळं सांगायला नको.

लोकांना हे फार लागलं होतं. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्यात बदल करा असा ठराव केला, गांधीजींनीसुद्धा १९१८ मध्ये गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना काढलेल्या पत्रकात अख्ख्या देशाला निःशस्त्र करणं हे इंग्रजी राजवटीचं सगळ्यात काळं कृत्य असल्याचं लिहिलं. अहिंसेवाला माणूस हे लिहितो म्हणून आज अनेकांना धक्का बसतो, पण मुद्दा बंदुकीपेक्षा अपमानाचा होता. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतच होता.

मग घटनेत तो का नाही आला? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी तशी दुरुस्ती मांडली, कराचीची आठवणही करून दिली. बाबासाहेबांनी ती नाकारली, आणि त्यांचं उत्तर मला आजही या विषयावरचं सगळ्यात स्वच्छ उत्तर वाटतं. त्याचा आशय असा की इंग्रज आपल्याला हत्यारं देत नव्हते ते परकी सत्तेविरुद्ध उठू नये म्हणून, ती परिस्थिती आता संपली, आणि हा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारालाही तो मिळणार, त्याचं काय? दुरुस्ती फेटाळली गेली. म्हणजे अमेरिकेसारखा हक्क आपल्याकडे राहून गेला असं नाही, तो समोर ठेवून, बोलून नाकारलेला आहे.

इंग्रजांचंच हे पाप होतं असं मात्र कोणी समजू नये. जपानमध्ये १५४३ ला पोर्तुगीजांबरोबर बंदुका आल्या आणि १५८८ मध्ये तिथला सत्ताधीश हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडच्या तलवारी, भाले, बंदुका सगळं काढून घेतलं, उठाव नकोत म्हणून. आजचा जपानी कायदा १९५८ चा, त्याची सुरुवातच मुळी शस्त्र बाळगता येणार नाही इथून होते आणि मग अपवाद: लेखी परीक्षा, नेमबाजीची चाचणी, डॉक्टरचा दाखला, पोलिसांची शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी. तरीही जुलै २०२२ मध्ये शिंझो आबेंची हत्या झाली ती घरी बनवलेल्या बंदुकीने. खुद्द इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कपत्रात प्रोटेस्टंट प्रजेला शस्त्र ठेवायची मुभा होती, मग १९२० ला परवान्याचा कडक कायदा आला. बाहेर सांगायला गुन्हेगारी, पण आत मंत्रिमंडळात धास्ती होती ती रशियासारखी क्रांती आणि युद्धावरून परतलेल्या सैनिकांची.

अमेरिका वेगळी वाटते खरी, कारण तिथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्राचा हक्क लिहिलेलाच आहे. पण तिथेही हा हक्क सगळ्यांना सारखा कधीच नव्हता. यादवी युद्ध संपल्या संपल्या दक्षिणेतल्या राज्यांनी नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या लोकांना बंदूक ठेवायला बंदी घातली. १९६७ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे ब्लॅक पँथर्सवाले कॅलिफोर्नियात उघड बंदुका घेऊन पोलिसांवर लक्ष ठेवत फिरायला लागले तेव्हा भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायला बंदी करणारा कायदा झाला आणि त्यावर सही गव्हर्नर रोनाल्ड रेगनची, तेच रेगन पुढे बंदूकवाल्यांचे लाडके राष्ट्राध्यक्ष झाले. केनेडींना मारणारी रायफल टपालाने मागवलेली होती, तरी टपालविक्रीवर बंदी यायला १९६८ उजाडलं, तोवर मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडीही गेले होते. आणि हा हक्क एकेकट्या माणसाचा आहे, मिलिशियाशी म्हणजे नागरिकांच्या लढाऊ दलाशी त्याचा संबंध असायलाच हवा असं नाही, हे तिथल्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं ते थेट २००८ मध्ये, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. आपल्याशी तुलना करायची तर २०२२ चा निकाल बघावा. न्यूयॉर्कमध्ये घराबाहेर पिस्तूल घेऊन फिरायला खास कारण दाखवावं लागायचं आणि ते अधिकाऱ्याला पटलं तरच परवाना, म्हणजे बराचसा आपल्यासारखाच प्रकार, शंभर वर्षांहून जुना. कोर्टाने तो मोडीत काढला.

दुसऱ्या जातीचे कायदे आले ते दुःखातून. १३ मार्च १९९६ ला स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या, पालकांनी सह्यांची मोहीम काढली आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलं जवळपास पूर्ण बंद झाली. १९९६ च्याच एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला ३५ माणसं गेली, आणि पंतप्रधान जॉन हॉवर्ड, जे स्वतः उजव्या पक्षाचे, त्यांनी बारा दिवसांत सगळ्या राज्यांना एका कराराला राजी केलं. सरकारने पैसे देऊन साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या. न्यूझीलंडने २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींतल्या ५१ मृत्यूंनंतर कायदा बदलायला महिनाही जाऊ दिला नाही. यातल्या एकाही देशात बंदुका संपल्या नाहीत, शेतकरी आणि शिकारी अजून परवान्यावर वापरतात, बदललं एवढंच की खरी गरज काय ते दाखवावं लागतं आणि कुठल्या प्रकारची बंदूक मिळेल ते ठरलेलं आहे.

आपला १९५९ चा शस्त्र कायदा या दोन्ही जातींच्या मधे कुठेतरी अडकलाय. वंशावर आधारलेला भेद गेला, परवाना नाकारला तर कारण नोंदवायचं बंधन आलं, २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका आणि लग्नात हवेत गोळीबार केला तर शिक्षा. पण मूळ ढाचा तोच, द्यायचं की नाही ते साहेब ठरवणार. आणि परवान्याच्या बाहेरचं जग केवढं आहे बघा, स्मॉल आर्म्स सर्व्हे या संशोधन संस्थेच्या २०१७ च्या अंदाजाप्रमाणे भारतात लोकांकडे सात कोटींच्या वर बंदुका, अमेरिकेखालोखाल जगात सगळ्यात जास्त, आणि त्यातल्या बहुतेक बिनपरवाना. शंभर माणसांमागे काढलं तर मात्र आपल्याकडे पाच, त्यांच्याकडे १२०. बिहारमधल्या मुंगेरकडचे, मध्य प्रदेश सीमेवरचे गावठी कट्टे आपल्या जिल्ह्यांत पकडले जातात त्या बातम्या काही नवीन नाहीत.

या कायद्याच्या १३ व्या कलमात एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली तर परवाना द्यावा असं त्यात आहे, अर्थात तो नाकारण्यासारखं काही नसेल तर. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणाचे असे परवाने कितीतरी घरांत आहेत. नळीत दारू ठासायची, वर चिंधी नाहीतर काथ्या, आणि भातात रानडुकरं उतरली की रात्री बार काढायचा. जनावर मारायचं म्हटलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो, त्यामुळे बहुतेक वेळा काम भागवायचं ते आवाजावर. आणि निवडणूक लागली की ही बंदूक उचलून पोलीस ठाण्यात जमा करा, मग तेवढे आठवडे काजूवर माकडं बसोत नाहीतर डुकरं कंद उकरोत. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करू नका, कोणाची घ्यायची ते समितीने एकेक प्रकरण बघून ठरवावं अशी खरी पद्धत आहे, पण शेतकऱ्याला हे सांगणार कोण?

याच सह्याद्रीच्या रांगेत खाली कर्नाटकातलं कोडगू, म्हणजे कूर्ग, आहे. तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा म्हणजे वंशपरंपरागत जमीन असणाऱ्यांना इंग्रजांनी शस्त्र कायद्यातून सूट दिली ती त्यांच्यावर भरवसा होता म्हणून, आणि ती सूट आजही चालू आहे, केंद्राने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली, कर्नाटक हायकोर्टाने २०२१ मध्ये ती योग्यही ठरवली. कोडवांबद्दल माझी काही तक्रार नाही, बंदूक त्यांच्या जन्ममरणाच्या विधींत आहे आणि ते ती जपूनच वापरतात. पण डुकरांनी आडवं केलेलं भात दोन्हीकडे सारखंच आहे, आणि आमच्या ठासणीवाल्याला मात्र दर नूतनीकरणाला तहसील आणि पोलीस ठाण्याच्या चकरा चुकत नाहीत.