फोटोशॉप बाजूला का पडतंय? सांगलीच्या स्टुडिओंमागची गोष्ट

सांगली, मिरज, तासगाव या पट्ट्यातल्या स्टुडिओत आज पासपोर्ट फोटो काढायला गेलं, तर समोरच्या संगणकावर फोटोशॉप उघडलेलं दिसेलच असं राहिलेलं नाही. कुणी मोबाईलवरच स्नॅपसीडमध्ये चेहरा उजळतो, कुणी ब्राउझरमध्ये फोटोपी उघडून बसलेला असतो, वाढदिवसाचा फ्लेक्स कॅनव्हावर तयार होतो. ज्या एका सॉफ्टवेअरवर या धंद्याचं पोट वीसेक वर्षं चाललं, ते हळूहळू बाजूला पडतंय. नव्या पोरांना मेहनत नको म्हणून हे होतंय, असं जुने ऑपरेटर म्हणतात. मला ते पटत नाही. हे सॉफ्टवेअर आपल्याकडे कशासाठी आलं, त्यातलं किती वापरलं गेलं आणि माणसं त्यात इतकी वर्षं कशामुळे अडकून राहिली, हे क्रमानं पाहिलं तर दोष पोरांना देता येत नाही.

सुरुवात संगणकाच्या बरीच आधी होते. कृष्णधवल फोटोच्या काळात स्टुडिओत रिटचिंगचं डेस्क असे. तिरपी काच, तिच्यामागून उजेड आणि काचेवर निगेटिव्ह. निगेटिव्हच्या ज्या बाजूला इमल्शन, म्हणजे फोटो उमटतो तो थर, असतं त्या बाजूला एक पातळ द्रव चोळायचा, म्हणजे शिसपेन्सिल धरते. मग सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं सुरकुत्यांवर बारीक बारीक ठिपके द्यायचे. चेहऱ्यावरची सुरकुती फोटोत काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हवर ती पारदर्शक असते. तिथं शिसं बसलं की प्रकाश कमी जातो आणि कागदावर ती रेघ फिकी पडते. जास्त भरलं तर चेहरा मातीच्या मूर्तीसारखा गुळगुळीत होतो, म्हणून थांबायचं कुठं ते हाताला कळावं लागे. छापलेल्या फोटोवर धुळीचे पांढरे ठिपके राहिले तर ब्रशच्या एका केसानं रंग लावून ते बुजवत, त्याला स्पॉटिंग म्हणत. हे सगळं दुकानातच व्हायचं. गिऱ्हाईक, फोटोग्राफर आणि दुरुस्ती करणारा हात एकाच छपराखाली असत.

रंगीत फोटो आले आणि हा हात दुकानातून गेला. मोठ्या निगेटिव्हवर पेन्सिल चालते, पस्तीस मिलिमीटरच्या चिमुकल्या रंगीत निगेटिव्हवर ती चालवायची कुठे? रोल लॅबला जायचा आणि यंत्र देईल तो रंग घेऊन परत यायचा. नवरीचा चेहरा पिवळा आला तर दुकानदाराच्या हाती फार काही नसे. लॅबला सांगून पुन्हा प्रिंट मागवायचा, एवढंच. रिटचिंगची डेस्कं माळ्यावर गेली आणि ते काम करणारी माणसं दुसऱ्या धंद्यांना लागली. फोटोशॉपचं आपल्याकडे जे स्वागत झालं, त्याचं मूळ मला या मधल्या काळात दिसतं. लॅबनं नेलेली दुरुस्ती या सॉफ्टवेअरनं दुकानात परत आणून दिली.

तिकडे अमेरिकेत ते बनलं वेगळ्याच गरजेपोटी. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नॉलनं 1987 मध्ये मॅकिंटॉशच्या कृष्णधवल पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्टचं काम करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीत होता. त्यानं यात आणखी काय काय हवं ते सुचवत नेलं. दोघांच्या वडिलांची घराच्या तळघरात डार्करूम होती आणि थॉमस तिथंच फोटो धुवायला शिकला होता. अडोबी या सॉफ्टवेअर कंपनीनं फेब्रुवारी 1990 मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आणली, तीही फक्त मॅकसाठी. विंडोजवर ते 1992 च्या अखेरीस आलं.

डार्करूममध्ये वावरलेल्या माणसानं त्यातला टूलबार जरा निरखून पाहावा. डॉज टूलचं चित्र म्हणजे काडीला लावलेली गोल चकती. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापायचं यंत्र; त्याखाली चेहऱ्यावर सावली धरायला फोटोग्राफर पुठ्ठ्याची तशीच चकती तारेला अडकवून हलवत असत. बर्न टूलचं चित्र म्हणजे बोटं वळवून केलेलं भोक. कोपरा गडद करायचा असेल तर त्यातून तेवढ्याच जागी जास्त उजेड सोडायचा. ‘अनशार्प मास्क’ हे नाव ऐकून नवा माणूस गोंधळतो, कारण ते वापरलं की फोटो धारदार होतो. तेही जुन्या डार्करूममधलंच आहे. निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली प्रत तिलाच चिकटवून छापलं की कडा उठून येत. म्हणजे हे सॉफ्टवेअर अवघड वाटायचं एक कारण असं की ते एका जुन्या कारागिरीच्या भाषेत बोलत होतं, आणि ती कारागिरी पाहिलेली माणसं ते येईपर्यंत दुकानातून गेलेली होती.

त्यात दर आवृत्तीला भर पडत गेली. 1994 मध्ये लेयर, म्हणजे एकावर एक ठेवून वेगवेगळे बदलता येणारे थर, आले, 1998 मध्ये केलेली कामं मागे मागे नेणारी हिस्टरी आली. 2002 च्या 7.0 मध्ये डाग आजूबाजूच्या कातडीत मिसळून घालवणारा हीलिंग ब्रश आला. आपल्याकडे कितीतरी दुकानांत वर्षानुवर्षं हीच 7.0 चालली. छापखाने, मासिकं, सिनेमा, वैद्यकीय चित्रं अशा सगळ्यांच्या मागण्या त्यात येऊन बसल्या होत्या. गावातल्या स्टुडिओला त्यातला एक कोपरा पुरे होता: कापणं, उजळणं, बॅकग्राऊंड बदलणं, डाग काढणं, अक्षरं टाकणं. उरलेले मेनू आयुष्यात न उघडलेले उत्तम ऑपरेटर आहेत, आणि त्यांच्या कामात त्यामुळे काही उणं राहिलं असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो. खेड्यातून मुलगा येतो. हातात कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो असतो आणि त्यात तिसऱ्या रांगेत वडील. “दादा, एवढा एकच फोटो आहे बघा. शेजारच्याचा हात तेवढा खांद्यावरनं काढा आणि डोक्याला फेटा बसवा.” आधी फोटो स्कॅन करायचा. मग पेन टूलनं कानाच्या पाळीपासून मानेपर्यंत बिंदू टाकत डोकं कापायचं आणि कडेला एक-दोन पिक्सेल फेदर द्यायचं, म्हणजे कड थोडी धूसर करायची, नाहीतर कात्रीनं कापल्यासारखं दिसतं. ज्या खांद्यावर हात होता, तिथं दुसऱ्या खांद्याचा सदरा उलटा करून आणायचा. सदरा उलटला की गुंड्यांची पट्टीही उलटते, ती पुन्हा सरळ करायची. फेटा दुसऱ्या फोटोतला. त्यावर उजेड डावीकडून पडलेला आणि चेहऱ्यावर उजवीकडून, म्हणून तोही फिरवायचा. तासभर बसल्यावर जो फोटो तयार होतो, तो त्या घरातल्या भिंतीवर पुढची पन्नास वर्षं राहतो. फोटोशॉपचा मान या कामानं वाढवला आणि तो रास्तच होता.

पण रोजचा धंदा त्यावर चालत नाही, तो चालतो लग्नाच्या अल्बमवर. बारा बाय छत्तीस इंचाची पानं, प्रत्येक पानावर महाल, फुलं नाहीतर ढग, आणि त्यात नवरा-नवरी. ही पानं तयार टेम्प्लेट म्हणून पीएसडीत, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या फायलींत, मिळत. सीडीवर, पुढे हार्डडिस्कवर शेकड्यांनी विकली जात. ऑपरेटरनं फाईल उघडायची, लेयरमध्ये फोटो टाकायचा, नाव बदलायचं आणि लॅबला पाठवायची. टेम्प्लेट पीएसडीत म्हणजे दुकान फोटोशॉपमध्ये, असा हिशोब होता. सॉफ्टवेअर परवाना घेऊन वापरणारी दुकानं थोडी होती, बाकीच्यांची फुकटात आलेली सीडी. त्यामुळे ‘हे महाग आहे, दुसरं काही पाहू’ असा विचार करायची वेळच कुणावर आली नाही. परवान्याची खरी किंमत मोजावी लागली असती, तर साध्या पर्यायांचा शोध आपल्याकडे दहा वर्षं आधी सुरू झाला असता.

टेम्प्लेट ही एक बेडी, दुसरी बेडी मराठी अक्षरांची होती. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड मराठी, म्हणजे आज मोबाईलवर आणि इंटरनेटवर चालते ती, टाकली की वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची आणि जोडाक्षरं मोडून पाय मोडलेली सुटी अक्षरं दिसायची. म्हणून सगळा धंदा श्री-लिपी, सी-डॅकचं आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टवर चाले. या फॉन्टमध्ये देवनागरीच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असत. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच. फॉन्ट हजर असेल तोवर ती डोळ्यांना मराठी दिसत. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाईल उघडली की ‘शुभविवाह’च्या जागी कंस, टक्के आणि तुटक रोमन अक्षरं. दुकानदारानं हा सगळा सरंजाम एकदा बसवला की तो हलवायला तयार होत नसे, आणि त्याचं बरोबरच होतं. चालू लग्नसराईत अक्षरं बिघडली तर कोण निस्तरणार?

या दोन्ही गाठी सैल केल्या मोबाईलनं. गिऱ्हाईक पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवू लागलं, आणि तो असतो युनिकोडमध्ये. तो उतरवून पुन्हा जुन्या फॉन्टमध्ये टाईप करायचा म्हणजे दुप्पट काम आणि आडनावांच्या चुका. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता, बालू यांसारखे फॉन्ट मोफत मिळू लागले. ब्राउझरमध्ये आणि मोबाईलमध्ये जोडाक्षरं नीट पडत होती. याच सुमारास, मे 2013 मध्ये, अडोबीनं यापुढच्या नव्या आवृत्त्या फक्त भाड्यानं मिळतील असं जाहीर केलं. जुन्या सीडीवाल्यांना त्या दिवशी काहीच जाणवलं नाही. जाणवलं ते नवा संगणक घेताना, जुनी आवृत्ती त्यावर नीट चालेना तेव्हा.

साधी सॉफ्टवेअर त्याआधीही होती. 2004 मध्ये गूगलनं घेतलेलं पिकासा घरोघरी होतं. फोटो सरळ करायला, लाल डोळे काढायला ते पुरे पडे. 2016 मध्ये ते बंद झालं, याची खंत करणारे लोक अजून भेटतात. 1990 च्या दशकात बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं गिम्प मोफत होतं, पण ते शिकायला फोटोशॉपइतकंच जड, म्हणून दुकानांत रुजलं नाही. खरा फरक स्नॅपसीडनं पडला. 2011 मध्ये निक सॉफ्टवेअरनं ते आयपॅडसाठी काढलं, पुढच्या वर्षी गूगलनं ती कंपनी घेतली आणि ते मोफत झालं. त्यातलं सिलेक्टिव्ह टूल मला फार शहाणपणाचं वाटतं. चेहऱ्यावर बोट ठेवायचं, वर्तुळ लहान-मोठं करायचं, बोट आडवं सरकवलं की तेवढाच भाग उजळतो. रंगावरून त्याचं ते ओळखतं की गालाशेजारची साडी सोडून द्यायची आहे. डॉज टूलच्या चकतीचं हेच काम होतं.

फोटोपीनं वेगळीच अडचण सोडवली. इव्हान कुत्स्किर या एकट्या प्रोग्रॅमरनं 2013 मध्ये सुरू केलेलं हे साधन ब्राउझरमध्येच पीएसडी उघडतं, लेयरसकट. जुन्या टेम्प्लेटांचा डोंगर त्यामुळे फुकट गेला नाही. ऑस्ट्रेलियातलं कॅनव्हाही त्याच वर्षी निघालं. दहीहंडीच्या, गणपतीच्या, ग्रामपंचायतीच्या शुभेच्छांचं काम त्यानं स्टुडिओकडून घेऊन थेट मंडळाच्या कार्यकर्त्याच्या हातात दिलं. बॅकग्राऊंड आपोआप कापणारी साधनं 2018 नंतर आली, तेव्हा पेन टूलवर हात बसवण्यात घालवलेली वर्षं ज्यांच्या गाठीशी होती, त्यांना ते लागलं असणार. मोकळ्या केसांची कड ही साधनं कित्येकदा माणसापेक्षा चांगली काढतात, हेही त्यांनीच आधी ओळखलं.

एका कामात मात्र हे सगळं तोकडं पडतं, आणि ते सांगलीला चांगलं ठाऊक आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 फूट असताना. बाजारपेठा आणि घरं पाण्यात होती, आणि घरांत अल्बम होते. फोटोचं इमल्शन जिलेटिनचं असतं. भिजलं की फुगतं आणि वाळताना वरच्या प्लॅस्टिकला, काचेला नाहीतर शेजारच्या फोटोला घट्ट चिकटतं. मग ओढून काढला की चेहराच निघून येतो. असे फोटो ओले असतानाच स्वच्छ पाण्यात ठेवून अलगद सुटे करावे लागतात आणि एकेक पसरून वाळवावे लागतात. ते ज्यांना वेळेवर कळलं, त्यांचे निम्मे तरी वाचले. उरलेले दुरुस्त करायचे तर अर्धा गाल नव्यानं उभा करावा लागतो, आणि तिथं क्लोन (एका जागचा भाग दुसरीकडे उतरवणं), हीलिंग, लेयर आणि मास्क (लेयरचा हवा तेवढाच भाग दाखवणं) यांना पर्याय नाही. आपोआप दुरुस्ती करणारी नवी साधनं नीटनेटका चेहरा बनवून देतात, पण तो आजीचा असेलच असं नाही. घरच्या माणसाला तो फरक लगेच कळतो.

म्हणून ज्यांचं जुन्या फोटोंचं काम मोठं आहे, त्यांनी फोटोशॉप ठेवावं. हवं तर ॲफिनिटी हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर पाहावं. ते गेल्या दशकात आलं, 2024 मध्ये कॅनव्हानं विकत घेतलं आणि त्यात लेयर, मास्कची पूर्ण सोय आहे. बाकीच्यांनी निर्धास्त सोडावं, पण सोडण्याआधी एक काम उरकून घ्यावं. जुना संगणक चालू आहे आणि त्यावर श्री-लिपीचे फॉन्ट आहेत तोवर पुन्हा लागणाऱ्या पीएसडी उघडाव्यात. मराठी अक्षरांचे लेयर ‘कन्व्हर्ट टू शेप’ करावेत आणि प्रत वेगळ्या नावानं साठवावी. अक्षरं मग बदलता येणार नाहीत, पण कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये मराठीच दिसतील. शिवाय प्रत्येक अल्बमची एक जेपेग प्रत पूर्ण आकारात ठेवावी, कारण पंधरा वर्षांनी गिऱ्हाईक येतं ते बहुतेक वेळा त्यातल्या एखाद्या फोटोतून एकच माणूस काढून द्या म्हणायला.