हृदयातले लोह मोजणारा एमआरआय

थॅलेसेमिया मेजर हा जन्मजात रक्तविकार, ज्यात शरीर पुरेसे हिमोग्लोबिन बनवू शकत नाही, असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. प्रत्येक पिशवीतून 200 मिलिग्रॅमच्या आसपास लोह शरीरात येते, आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नसते. ते यकृतात साठते, पुढे हृदयाच्या स्नायूत. 1970च्या दशकात पोटाच्या कातडीखाली सुई टोचून पंपाने रात्रभर डेस्फेरल हे लोह बाहेर काढणारे औषध द्यायची पद्धत रुळली. आयुष्य वाढले, तरी ऐन तारुण्यात हृदय निकामी होऊन रुग्ण जातच राहिले.

अडचण मोजमापाची होती. हाताशी होते रक्तातले फेरिटिन, म्हणजे लोहसाठ्याचा अंदाज देणारे प्रथिन, आणि यकृताची बायोप्सी. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचे पंपिंग कळे, पण ते घसरलेले दिसेपर्यंत फार उशीर झालेला असे.

लोहामुळे आसपासचे चुंबकीय क्षेत्र विस्कटते आणि एमआरआयचा सिग्नल लवकर विझतो. हा विझण्याचा वेळ म्हणजे टी-टू-स्टार. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलातल्या लिसा अँडरसन, डडली पेनेल आणि सहकाऱ्यांनी 2001 साली तो हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर मोजून दाखवला. 20 मिलिसेकंदांच्या खाली आकडा गेला, की पंपिंगही घसरत जाताना दिसले. त्याहून हादरवणारी गोष्ट म्हणजे यकृतातल्या लोहाचा आणि हृदयातल्या लोहाचा मेळच बसेना. ‘फेरिटिन चांगले आहे’ या वाक्यावर किती घरांनी विसंबून दिवस काढले असतील!

आता हृदयाकडे पाहून औषध ठरवता येऊ लागले. डेफेरिप्रोनच्या गोळ्या हृदयातले लोह डेस्फेरलपेक्षा अधिक चांगले काढतात, हे 2006 च्या चाचणीत याच मोजमापाने दिसले. या गोळ्यांना भारतात युरोपच्याही आधी, 1990च्या दशकातच परवानगी मिळाली होती. ब्रिटनमध्ये 2000 नंतर लोहसंचयाने होणारे मृत्यू सुमारे 71 टक्क्यांनी घटल्याचे 2008 साली नोंदले गेले. त्याचे श्रेय औषधांइतकेच या तपासणीलाही आहे, असे मला ठामपणे वाटते.

महाराष्ट्रात, विशेषतः उल्हासनगरसारख्या सिंधी वस्तीच्या शहरांत, हा आजार अनेक कुटुंबांच्या ओळखीचा आहे. तपासणीला इंजेक्शन लागत नाही. श्वास थोडा वेळ रोखून धरता आला पाहिजे. त्यामुळे मूल दहाएक वर्षांचे झाले, की ती साधारण वर्षातून एकदा करायला सांगतात. टी-टू-स्टारचा आकडा 10 मिलिसेकंदांच्या खाली असेल, तर पंपिंग उत्तम असले तरी औषध तातडीने वाढवतात.