गॅस कमी की कॉइल तुंबलेली? गेज लावू देण्याआधी हे पाहा

एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेत एसी गार करेनासा झाला की बहुतेकदा एकच निदान कानावर पडतं: "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." पण इनडोअरची कॉइल (हवा गार करणारी नळ्या-पत्र्यांची जाळी) धुळीने तुंबली तरी लक्षणं अगदी तशीच दिसतात. हवा कोमट, इनडोअरला बर्फ, खाली टपटप पाणी. गेजचा, म्हणजे गॅसचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा, काटाही दोन्हींत खालीच येतो, कारण कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही तर आतला गॅस नीट उकळत नाही आणि सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत जाणाऱ्या गॅसचा, दाब पडतो. म्हणून मळक्या कॉइलवर गेज लावून काढलेलं निदान धरू नका, मेकॅनिक प्रामाणिक असला तरी.

खरा फरक बर्फाच्या जागेत असतो. एसी 18 वर ठेवून अर्धा तास चालवा आणि पुढचं झाकण उघडा. गॅस कमी असेल तर जिथून तो कॉइलमध्ये शिरतो तेवढाच पट्टा गोठतो, बाकी कॉइल कोरडी. बाहेर आउटडोअरच्या बारीक व्हॉल्व्हवरही पांढरं धरतं, जाड पाइप मात्र गार लागत नाही. कॉइल तुंबली असेल तर बर्फ बराचसा सगळीकडे पसरतो, जाड पाइपही घामेजतो किंवा गोठतो आणि वाऱ्याचा जोर हाताला कमी लागतो. जाळी धुऊनही जोर येत नसेल तर ब्लोअरच्या, म्हणजे आतल्या पंख्याच्या, पात्यांत बोट फिरवून पाहा, अर्थात मेन स्विच बंद करूनच. विट्यासारख्या यंत्रमागांच्या गावात तिथे सुताचे तंतू चिकटून बसतात.

म्हणून आधी बर्फ पूर्ण वितळू द्या आणि कॉइल, ब्लोअर, आउटडोअर जेट पंपाने धुऊन घ्या. मग अर्धा तास चालवून आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजा. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक आला तर गॅसला हात लावायचं कारण नाही.

फरक आला नाही तर गॅस तपासा. तो बंद नळीत फिरतो, वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच. जोडाच्या नटांवर तेलकट डाग शोधा, साबणाचा फेस लावा. गळती बुजवून, नळीत नायट्रोजन भरून त्याचा दाब टिकतो का ते बघून, 20-30 मिनिटं व्हॅक्यूम पंपाने आतली हवा ओढून मगच आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस काट्यावर तोलून भरायचा. आर-32 हा एसीतला गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे नळीत गॅस असताना ब्रेझिंग (ज्योतीने पाइप सांधणं) करू देऊ नका.

"आत्ताच भरा, नाहीतर कॉम्प्रेसर जळेल," असा धाक घातला जातो. कमी गॅसवर एसी रेटत राहिलं तर कॉम्प्रेसर तापतो, हे खरं. पण बंद ठेवलेल्या एसीचा कॉम्प्रेसर जळत नाही, तेव्हा दुसऱ्याला दाखवायला वेळ आहे. उलट तुंबलेल्या कॉइलवर गेजचा काटा वर येईपर्यंत गॅस भरला, तर धुतल्यावर तोच जादा होतो, दाब आणि करंट चढतो आणि कॉम्प्रेसर खरोखरच धोक्यात येतो. गळती कुठे सापडली आणि किती ग्रॅम भरला, हे बिलावर लिहून मागा.