कृष्णधवलला हात लावायचा हक्क कुणाचा?

नव्वदच्या दशकात ज्या मराठी घरांत केबल आली, त्यांतल्या अनेकांची जुन्या हॉलीवूडशी ओळख एकाच दाराने झाली. १९९५ मध्ये भारतात मुलांची कार्टून वाहिनी सुरू झाली. दिवसभर कार्टून चालत, रात्री ती संपत आणि त्याच क्रमांकावर तीस-चाळीसच्या दशकांतले अमेरिकी चित्रपट सुरू होत. मांजर-उंदराची पाठशिवणी संपून अचानक पावसात भिजलेला रस्ता दिसे, कोटाची कॉलर वर केलेला माणूस, अर्धा चेहरा अंधारात. मुलांना झोपायला पिटाळलं जाई, तरी काही जण दाराशी रेंगाळतच. आज चाळिशीत-पन्नाशीत असलेल्या कित्येक रसिकांचं हॉलीवूडचं वेड तिथून सुरू झालं.

ते चित्रपट आपल्या घरापर्यंत आले कुठून आणि संगणकाने रंग भरण्याची लाट येऊनही ते कृष्णधवलच का राहिले, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं १९८६ ते १९९१ या पाच-सहा वर्षांत सापडतात.

त्याआधीचा काळ थोडक्यात. आपण ज्याला आज वारसा म्हणतो, तो जपावा असं तो बनवणाऱ्यांना फारसं वाटत नव्हतं. चित्रपटाचा धंदा पहिल्या काही आठवड्यांत आटपे, उरलेले डबे कोठारात जात. फिल्म नायट्रेटची, म्हणजे भलतीच ज्वालाग्राही. १९३७ च्या जुलैत न्यू जर्सीतल्या एका कोठाराला आग लागली आणि एका मोठ्या स्टुडिओचे बहुतेक मूकपट एका रात्रीत नष्ट झाले. १९१२ ते १९२९ दरम्यान अमेरिकेत जवळपास ११,००० मूक कथापट प्रदर्शित झाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार त्यांपैकी मूळ स्वरूपात, संपूर्ण उरलेले फक्त १४ टक्के आहेत. बोलपटांचं नशीब पुष्कळ बरं निघालं आणि त्याचं मोठं कारण टीव्ही.

१९५५ ते १९५८ या काळात स्टुडिओंनी जुने साठे टीव्हीला विकून किंवा भाड्याने देऊन टाकले. एका स्टुडिओची मालकी तर टायर बनवणाऱ्या कंपनीकडे गेली होती. तिथून सुमारे ७४० चित्रपटांचे टीव्ही हक्क शीतपेयाच्या एका कंपनीकडे गेले. विकायला आलेले चित्रपट प्रामुख्याने १९४८ पूर्वीचे होते, कारण त्यानंतरच्या चित्रपटांवर नटांच्या संघटनेने मानधनाचा दावा लावला होता आणि तो १९६० च्या संपानंतर मिटला. ‘क्लासिक’ म्हणून आपल्या मनात जो काळ ठसला आहे, त्याची सीमा ठरवण्यात या दाव्याच्या तारखेचा मोठा वाटा आहे. मध्यरात्री कापून-कुपून, जाहिरातींमध्ये कोंबून दाखवलेले हे चित्रपट एका संपूर्ण पिढीने पाहिले. १९५७ मध्ये बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावातल्या छोट्या थिएटरने ‘कॅसाब्लांका’ पुन्हा लावला. त्याचा नायक काही महिन्यांपूर्वीच वारला होता. विद्यापीठातली मुलं परीक्षेच्या दिवसांत रांगा लावून येत आणि पडद्यावरच्या नटाबरोबर संवाद म्हणत. जुना चित्रपट हौसेने परत परत पाहायचा, हा रिवाज तिथे रुजला.

आता मूळ मुद्दा. १९८६ च्या मार्चमध्ये अटलांटाच्या एका केबल उद्योजकाने हॉलीवूडमधला एक जुना, नामांकित स्टुडिओ सुमारे दीड अब्ज डॉलरना विकत घेतला. कर्ज इतकं झालं की काही महिन्यांत बाकी सगळं परत विकावं लागलं. त्याने स्वतःकडे ठेवला तो चित्रपटांचा साठा. त्या स्टुडिओचे स्वतःचे, शिवाय आधीच्या व्यवहारांतून त्यात येऊन मिळालेले दुसऱ्या दोन स्टुडिओंचे, असे सुमारे साडेतीन हजार चित्रपट. पुढे आपल्याकडे रात्री दिसणारे चित्रपट याच साठ्यातले. त्यातला मोठा भाग कृष्णधवल होता आणि जाहिरातदारांना कृष्णधवल नको होतं. चॅनेल बदलताना रंगहीन चित्र दिसलं की प्रेक्षक थांबत नाही, असं त्यांचं म्हणणं.

संगणकाने रंग भरण्याची सोय तेव्हा नुकतीच बाजारात आली होती. चित्रपटाची चांगली प्रत व्हिडिओवर घ्यायची. प्रत्येक शॉटच्या एका चौकटीत कोणत्या वस्तूला कोणता रंग द्यायचा ते माणसाने ठरवायचं, पुढच्या चौकटींत तोच रंग संगणक ओढत नेणार. एका चित्रपटाचा खर्च काही लाख डॉलर. मूळ निगेटिव्हला धक्का लागत नाही हे खरं, आणि समर्थकांचा सगळा भर यावरच होता. रंग नको असेल त्याने टीव्हीचं रंगाचं बटण बंद करावं, हा त्यांचा दुसरा युक्तिवाद.

हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो, पण कृष्णधवल छायाचित्रण म्हणजे रंग वजा केलेलं छायाचित्रण नव्हे. सेटच्या भिंती, कपडे, ओठांचा रंग, सगळं करड्या छटांत कसं उतरेल हे पाहून ठरवलेलं असे. १९६० च्या एका गाजलेल्या भयपटात स्नानगृहात वाहणारं रक्त चॉकलेटचं सिरप होतं, कारण कॅमेऱ्याला तेच रक्तासारखं दिसलं. नायिकेच्या गालावरची सावली दिवा कुठे ठेवला त्यावर बेतलेली. तिच्यावर एकसारखा गुलाबी थर दिला की ती सावली मरते, आणि मग बटण बंद करून ती परत येत नाही. कृष्णधवलमागे पैशांची काटकसर हेही कारण होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण काटकसरीतून निघालेल्या शैलीलाही शैलीच म्हणायचं. रंगवणाऱ्यांचं कसब किती होतं, तेही पाहा: निळ्या डोळ्यांसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या एका गायक-नटाचे डोळे १९५४ च्या चित्रपटाच्या रंगीत आवृत्तीत तपकिरी झाले. ज्यांनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं, त्यांच्या हाती त्याचा चेहरा गेला होता.

१९८६ च्या नोव्हेंबरमध्ये ‘द माल्टीज फाल्कन’ची रंगीत आवृत्ती दाखवली गेली. त्याचा दिग्दर्शक तेव्हा ऐंशीचा, प्राणवायूच्या नळीवर. तशा अवस्थेत तो पत्रकारांसमोर आला आणि त्याने जाहीर निषेध केला. १९८७ च्या मे महिन्यात सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावणी झाली. न्यूयॉर्कचा एक विनोदी दिग्दर्शक, चेकोस्लोव्हाकियातून आलेला दुसरा, तीसच्या दशकातली एक नृत्यतारका, सगळे साक्ष द्यायला आले. आपला चेहरा कुणा अनोळखी माणसाने रंगवावा हे किती क्लेशकारक आहे, हे त्या नृत्यतारकेइतकं अधिकाराने दुसरं कोण सांगणार?

अडचण कायद्यात होती आणि ती एका शब्दात अडकली होती: कर्ता. आपण सहज म्हणतो की हा अमुक दिग्दर्शकाचा चित्रपट. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने ते चूक. पगारावर करून दिलेल्या कामाचा कर्ता म्हणजे काम करवून घेणारी कंपनी. दिग्दर्शक, छायाचित्रकार, लेखक हे तिचे नोकर. कंपनीने साठा विकला की कर्तेपणाचे हक्कही डब्यांबरोबर नव्या मालकाकडे जातात. त्यामुळे ज्याने चित्रपट घडवला त्याला तक्रार करायला कायद्यात जागाच नव्हती, तो फक्त रागावू शकत होता. १९८७ च्या जूनमध्ये कॉपीराइट नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाने तर रंगीत आवृत्तीला स्वतंत्र कलाकृती म्हणून नोंदणी द्यायला मान्यता दिली. मूळ चित्रपटाचा हक्क संपला असला तरी रंगवणाऱ्याला नवा हक्क मिळणार. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’च्या हक्काचं नूतनीकरण १९७४ मध्ये करायचं राहून गेलं होतं. म्हणून तो दर डिसेंबरला फुकट दाखवला जाऊन घराघरांत पोचला. तोही रंगवला गेला. त्या निर्णयातली एकच गोष्ट चांगली झाली: पुढच्या वर्षी नियम आला की नोंदणी करताना कृष्णधवल प्रतही सरकारजमा करायची.

फ्रान्समध्ये हाच शब्द उलटा वाचला गेला. १९८८ मध्ये तिथल्या एका वाहिनीने ‘द अस्फाल्ट जंगल’ रंगीत दाखवायचं ठरवलं. दिग्दर्शक ‘द माल्टीज फाल्कन’चाच, आदल्या वर्षी वारलेला. त्याचे वारस आणि पटकथालेखक कोर्टात गेले. आधी जिंकले, १९८९ मध्ये अपिलात हरले, कारण अमेरिकी कायद्याने ते कर्ते नव्हतेच. २८ मे १९९१ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: करार कुठल्याही देशातला असो, फ्रान्समध्ये कलाकृतीला जन्म देणाऱ्याचा तिच्या अखंडतेवरचा हक्क अबाधित आहे. ज्या देशात चित्रपट जन्मला तिथे न मिळालेला न्याय समुद्रापलीकडे मिळाला. हा निकाल मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची घटना वाटते.

अमेरिकेत तोडगा अर्धामुर्धा निघाला. १९८८ च्या कायद्याने दरवर्षी २५ चित्रपटांची राष्ट्रीय यादी करायचं ठरलं. यादीतल्या चित्रपटाला रंग दिला तर तसं लेबल लावणं बंधनकारक. १९८९ च्या पहिल्या यादीत ‘कॅसाब्लांका’ आणि ‘द माल्टीज फाल्कन’ दोन्ही होते, आणि तोवर दोन्ही रंगवून झालेले होते. लेबलाची अट १९९२ च्या नव्या कायद्यात गळून पडली. ‘सिटिझन केन’ तेवढा वाचला, तोही यादीमुळे नव्हे. १९८९ च्या जानेवारीत त्यावर रंगाची चाचणी करण्याची घोषणा झाली, मग कुणीतरी १९३९ चा मूळ करार उघडून पाहिला. पंचविशीही न गाठलेल्या त्या दिग्दर्शकाने चित्रपटाला इतर कुणी हात लावू नये असं कलम लिहून घेतलं होतं. फेब्रुवारीत बेत सोडून द्यावा लागला.

रंगाची लाट नव्वदच्या सुरुवातीला ओसरली. खर्च निघेना, नवलाई संपली, आणि निषेधाचा आवाजही सतत चालू होता. एप्रिल १९९४ मध्ये त्याच साठ्याच्या मालकाने चोवीस तासांची वाहिनी काढली: चित्रपट अखंड, मधे जाहिरात नाही, कृष्णधवल ते कृष्णधवलच. आपल्या रात्रीच्या चित्रपटांची सोय पुढच्याच वर्षी झाली. हे श्रेय त्या मालकाला द्यायलाच हवं.

पुढची वर्षं मालकी बदलण्याची. त्या वाहिनीची एक स्ट्रीमिंग सेवा २०१६ मध्ये आली आणि २०१८ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली. २०२३ च्या जूनमध्ये वाहिनीतल्या जाणत्या अधिकाऱ्यांना काढलं, तेव्हा हॉलीवूडच्या तीन ज्येष्ठ दिग्दर्शकांना स्वतः मालक कंपनीच्या प्रमुखाशी बोलावं लागलं. आपल्याकडे २००४ मध्ये ‘मुघल-ए-आझम’ रंगवून झळकला, त्याचं कौतुकच अधिक झालं. त्यात निदान मूळचाच काही भाग रंगीत होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मात्र १२ वर्षांपूर्वीच्या एका हिंदी चित्रपटाची तमिळ आवृत्ती एआयने बदललेल्या शेवटासह पुन्हा लागली. दिग्दर्शकाने विरोध केला, निर्मात्या कंपनीने हक्क आपला असल्याचं सांगितलं.

त्याच महिन्यात, २८ तारखेला, लास वेगासच्या घुमटाकार थिएटरात ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ सुरू झाला. हा चित्रपटही १९८६ च्या त्या साठ्यातलाच. एआयने चौकटीबाहेरचं दृश्य वाढवलं आहे, कॅमेऱ्याने कधी टिपलीच नव्हती ती माणसं आणि तो देखावा भरला आहे. घुमटातली आवृत्ती सुमारे ७५ मिनिटांची आहे, १९३९ चा चित्रपट १०२ मिनिटांचा.