इंजिन बदललं आणि रेस झुलायला लागली

दुसऱ्या गाडीतलं इंजेक्शनवालं इंजिन आपल्या गाडीत बसवलं, चावी फिरवली, एका झटक्यात सुरूही झालं. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा 1000 ते 2000 च्या मध्ये वर-खाली करत राहतो. अशा वेळी पहिला हात जातो तो थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या, स्क्रूवर. तो पिळू नये. इंजिन बहुधा ठणठणीत असतं, पण त्याचा मेंदू म्हणजे ईसीयू त्याला मिळणाऱ्या माहितीवर चालतो, आणि अदलाबदलीत बिघडते ती ही माहितीच.

सगळ्यात मोठा संशयित म्हणजे चोरवाटेने येणारी हवा. 1.6 लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतं, म्हणून 800 आरपीएमला मिनिटाला 400 वेळा आपल्या क्षमतेएवढी जागा भरतं, म्हणजे 640 लिटर. पण थ्रॉटल बंद असल्याने मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या दाबाच्या जेमतेम तिसरा हिस्सा असतो. त्यामुळे खरी हवा साधारण 200 लिटरच जाते. आता 3 मिलिमीटर भोकाची एखादी व्हॅक्यूम नळी उघडी राहिली असं धरा. आतला दाब निम्म्याहून कमी असल्याने त्या भोकातून हवा ध्वनीच्या वेगाने आत घुसते (तो 'स्स्स' आवाज त्याचाच) आणि मिनिटाला पन्नास-साठ लिटर तरी शिरते. आयडलिंगच्या, म्हणजे पाय न लावता इंजिन नुसतं चालू असतानाच्या, हवेचा हा चौथा हिस्सा झाला! थ्रॉटल पूर्ण उघडला की मात्र आतबाहेरचा दाब जवळपास सारखा होतो आणि गळती नगण्य ठरते. म्हणून अशी गाडी रस्त्यावर छान पळते आणि सिग्नलला उभी राहिली की नखरे करते.

आता काटा झुलतो कसा ते पाहा. जास्तीच्या हवेने रेस चढते. ईसीयू आयडल व्हॉल्व्ह (आयडलिंगची हवा सोडणारी छोटी झडप) बंद करत नेतो, पण चोरवाट त्याच्या हातात नसते. थ्रॉटल बंद आणि आरपीएम तरी चढलेलाच, म्हणजे गाडी उतारावरून गिअरमध्ये येत असणार असा त्याचा समज होतो आणि तो इंधन तोडतो. आरपीएम धाडकन पडतो, ठरलेल्या आकड्याखाली गेला की इंधन परत सुरू होतं, रेस पुन्हा चढते. आवाज नीट ऐकला तर इंधन तुटण्याचा क्षण कानाला स्पष्ट कळतो. नियंत्रकच यंत्राला झुलवतो, ही गोष्ट वाफेच्या इंजिनांच्या काळापासूनची आहे. जेम्स क्लर्क मॅक्सवेलने 1868 मध्ये गव्हर्नरच्या (इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) अशा वागण्याचं गणित मांडलं होतं.

गळती शोधायला इंजिनवर स्प्रे मारत फिरण्यापेक्षा धुराची चाचणी करावी, म्हणजे नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहावं. तापलेल्या एक्झॉस्टवर ज्वलनशील स्प्रे पडला तर आग लागू शकते. ब्रेक बूस्टरची होज, पीसीव्ही (क्रँककेसमधले वायू परत इंजिनात नेणारा व्हॉल्व्ह), चारकोल कॅनिस्टरची (पेट्रोलच्या वाफा साठवणाऱ्या डब्याची) नळी, इंजेक्टरच्या ओ-रिंग, मॅनिफोल्डचं गॅस्केट, आणि जुन्या गाडीत उपयोगाला असलेली पण इथे झाकायची राहून गेलेली तोंडं, एवढं तरी बघून घ्यावं. हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असेल तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने इंधनात केलेली वाढ-घट, पाहा. आयडलला अधिक 20 टक्के आणि 2500 आरपीएमला शून्याच्या आसपास, असं दिसलं तर गळती जवळपास नक्की. दोन्हीकडे ट्रिम चढलेलंच असेल तर इंधनाचा दाब आणि खुद्द एमएएफ तपासा. तो मूळच्यापेक्षा वेगळ्या व्यासाच्या पाइपात किंवा वळणाला चिकटून बसवला असेल तर चुकीचंच मोजणार. दाबावर चालणाऱ्या एमएपी सेन्सरच्या इंजिनात मात्र गळतीची हवाही हिशेबात धरली जाते, त्यामुळे ट्रिम शहाण्यासारखं दिसतं आणि नुसती रेस चढलेली राहते. इथे फसायला होतं.

नळ्या ठीक निघाल्या तर अर्थिंग, म्हणजे इंजिन आणि बॅटरीचं निगेटिव्ह जोडणारी तार, तपासा. माझ्या मते याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, कारण इंजिन सुरू होतंय म्हटल्यावर अर्थिंग आहेच असं सगळे धरून चालतात. थ्रॉटलचा सेन्सर बंद स्थितीत साधारण अर्धा व्होल्ट दाखवतो. अर्थिंगची तार गंजकी किंवा बारीक असेल, तर रेडिएटरचा पंखा लागताच तिच्यात 0.1–0.2 व्होल्टची घट होते आणि सेन्सरचा आकडा तेवढा सरकतो. ईसीयूला वाटतं, कोणीतरी ॲक्सिलरेटर दाबला. तो आयडलिंगचं काम सोडून देतो. पंख्याबरोबर रेस बदलत असेल तर मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावा, पंखा-हेडलाइट चालू ठेवा. 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तार बदला.

उभ्या गाडीत सगळं सुरळीत, पण थांबायला येताना क्लच दाबला की इंजिन बंद पडतं, ही तक्रार वेगळी. गिअरबॉक्स दुसरा असला की वेगाच्या सेन्सरची तार बऱ्याचदा लोंबकळत राहते. पुष्कळ ईसीयू पळती गाडी आणि उभी गाडी यांसाठी आयडलिंगचे वेगळे नियम लावतात. गाडी पळत असताना स्कॅनरवर वेग शून्य दिसत असेल तर आधी ती तार जोडा, मग बाकीचं बघा.