थिमिओ

थिमिओ : शालेय वर्गात संगणन व यंत्रमानवशास्त्र शिकविण्यासाठी तयार केलेला दोन चाकांचा, मुक्त स्रोत पद्धतीचा छोटा यंत्रमानव. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ईपीएफएल या तंत्रविद्या संस्थेत फ्रांचेस्को मोंदादा यांच्या गटाने तो विकसित केला. त्याचे बाह्यरूप ‘एकाल’ या कलाविद्यालयाच्या सहकार्याने ठरले. आज प्रचारात आहे ती दुसरी आवृत्ती असून ती साधारणपणे २०११ पासून मिळू लागली. उत्पादन ‘मोबस्या’ ही ना-नफा संस्था पाहते.

थिमिओचे कूळ कोणते, याविषयी दोन मते संभवतात. एका मताने तो गणितज्ञ व शिक्षणतज्ज्ञ सीमोर पॅपर्ट यांच्या ‘लोगो’ (१९६७) या मुलांसाठीच्या संगणकभाषेच्या आज्ञांनी जमिनीवर फिरणाऱ्या ‘कासव’ नावाच्या यंत्राचा वंशज ठरतो. त्याच्या मध्यभागी पेन खोचण्याचे भोक आहे आणि त्याच्याकडून कागदावर आकृत्या काढून घेता येतात, हा या मताचा मुख्य आधार. दुसऱ्या मताने त्याचा उगम मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १९४८-४९ च्या सुमारास बनविलेल्या, उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या ‘एल्मर’ व ‘एल्सी’ या यंत्रांकडे न्यावा लागतो. (इंग्रजीत लोगोचे यंत्र ‘टर्टल’ व वॉल्टर यांची यंत्रे ‘टॉर्टॉइज’; मराठीत या दोघांनाही कासवच म्हणावे लागते, त्यामुळे घोटाळा वाढतो.) लोगोचे कासव मुख्यतः सांगितलेले अंतर चालते व सांगितलेल्या कोनातून वळते, थिमिओ मात्र भोवतालचे पाहून वागतो. शिवाय लोझानमध्येच आधी तयार झालेल्या ‘खेपेरा’ व ‘ई-पक’ या संशोधनासाठीच्या यंत्रमानवांशी त्याचे नाते सरळ लागते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याच्या तयार वर्तनांना दिलेली स्वभावनामेही तेच सुचवितात : हिरवा दिवा असता तो मित्रासारखा हाताच्या मागे येतो, तांबडा असता भित्रा होऊन दूर सरतो, पिवळा असता अडथळे चुकवीत हिंडतो. साध्या संवेदक-जोडणीतून ‘भय’ किंवा ‘प्रेम’ दिसू शकते, ही मेंदूशास्त्रज्ञ व्हालेंटिनो ब्राइटेनबेर्ग यांनी १९८४ मध्ये मांडलेली कल्पना येथे ओळखू येते.

यंत्राच्या पुढे पाच व मागे दोन अवरक्त सान्निध्य-संवेदक (डोळ्यांना न दिसणारे किरण सोडून जवळची वस्तू ओळखणारे भाग) असतात. जमिनीकडे रोखलेले आणखी दोन संवेदक काळी रेघ ओळखतात. प्रवेगमापक, ध्वनिग्राहक, तापमान-संवेदक, पाच स्पर्शकळा व एकूण ३९ दिवे हा उरलेला सरंजाम. संवेदकाने काय टिपले ते त्याच्या शेजारचा दिवा लगेच दाखवितो. त्यामुळे यंत्राला काय ‘दिसते’ हे मुलांना पडद्याकडे न पाहता कळते. अवरक्त किरण परत येण्यावर सारे अवलंबून असल्याने काळी वस्तू जवळ येईपर्यंत त्याला जाणवत नाही.

आज्ञावलीसाठी स्तेफान मान्येना यांनी विकसित केलेली ‘असेबा’ ही घटनाधिष्ठित प्रणाली वापरतात. आज्ञा ओळीने पार पाडण्याऐवजी ‘असे घडले तर असे कर’ अशी रचना तीत असते. सान्निध्य-संवेदकांची घटना सेकंदाला १० वेळा, कळांची २० वेळा उद्भवते. लिहिलेली आज्ञावली यंत्रातील आभासी यंत्रावर (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर) चालते, म्हणून बदल करून पाहणे काही क्षणांचे काम होते. वाचता न येणाऱ्या मुलांसाठी चित्रमय भाषा आहे. ठोकळे जोडून आज्ञावली रचण्याच्या ब्लॉकली व स्क्रॅच या साधनांचाही वापर होतो.

यंत्राचे आराखडे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने, तर सॉफ्टवेअर एलजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याने खुले आहे. या खुलेपणाला व्यवहारात एक मर्यादा पडते : विद्युत् मंडल कोणालाही नकलता येते, पण प्लॅस्टिकच्या कवचाचे साचे महाग असतात आणि थोड्या नगांसाठी ते परवडत नाहीत. आरंभीची किंमत सुमारे १०० स्विस फ्रँक होती. तिला स्वस्त म्हणावयाचे ते युरोपीय शाळांच्या मानाने.

स्वित्झर्लंडबाहेर त्याचा प्रसार विशेषतः फ्रान्समध्ये झाला. तेथील ‘इन्रिया’ या संशोधन संस्थेत प्राथमिक शाळांसाठी तयार झालेला ‘इनिरोबो’ हा पाठसंच थिमिओवरच बेतलेला आहे.