युद्धप्रणयपट : पडद्यामागची निर्मिती

युद्धप्रणयपट : युद्धाच्या धामधुमीत घडणारी प्रेमकथा मोठ्या खर्चाने आणि मोठ्या पटावर मांडणारा चित्रपटप्रकार. कथा दोन माणसांची, फार तर तिघांची असते. चौकटीत मात्र पलटणी, आगगाड्या, जहाजे, जळती शहरे मावावी लागतात. निर्मितीची सगळी ओढाताण या विषमतेतून सुरू होते. स्फोट किंवा हजार माणसांचा जमाव एकदा, फार तर दोन-तीनदा चित्रित करता येतो आणि त्यासाठी महिनोन्‌महिने तयारी करावी लागते. निरोपाचा प्रसंग मात्र दिग्दर्शकाचे समाधान होईपर्यंत कितीही वेळा घेता येतो. अशा दोन वेगळ्या रीतींनी, अनेकदा दोन वेगळ्या देशांत आणि ऋतूंत टिपलेले तुकडे प्रेक्षकाला एकाच संध्याकाळचे वाटले पाहिजेत. पडद्यामागचे बहुतेक कष्ट यासाठीच चाललेले असतात.

कामाची सुरुवात पटकथेची फोड करण्यापासून होते. प्रत्येक प्रसंगाला किती माणसे, कोणते गणवेश, कोणती वाहने, कसले हवामान आणि दिवसाची कोणती वेळ लागेल, याची यादी निघते. वेळापत्रक मोठ्या प्रसंगांभोवती बेतले जाते आणि नायक-नायिकेच्या तारखा उरलेल्या फटींत बसवल्या जातात. कथेच्या क्रमाने चित्रीकरण जवळजवळ कधीच होत नाही. शेवटची भेट आधी आणि पहिली ओळख चार महिन्यांनी चित्रित होणे ही नेहमीची गोष्ट. अभिनयाच्या दृष्टीने ही पद्धत क्रूरच म्हणावी लागेल.

सैन्याची मदत मिळाली की खर्च बराच आटोक्यात येतो. मात्र ती फुकट नसते; अमेरिकेत संरक्षण खाते पटकथा तपासूनच साहाय्याला होकार देते. या देवाणघेवाणीचे गाजलेले जुने उदाहरण म्हणजे १९२७ चा मूकपट ‘विंग्ज’. दोन वैमानिक आणि त्यांच्या प्रेमाची ही कथा टेक्सासमधील सॅन अँटोनिओच्या परिसरात चित्रित झाली. लष्कराने विमाने आणि वैमानिक तर दिलेच, शिवाय युद्धभूमीच्या प्रसंगांसाठी हजारो सैनिकही पुरवले. दिग्दर्शक विल्यम वेलमन स्वतः पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान चालवलेला गडी होता. निरभ्र आकाशात विमानाचा वेग दिसत नाही, ते नुसते लोंबकळल्यासारखे वाटते. वेग कळायला मागे ढग हवेत, हे त्याला ठाऊक होते. म्हणून हवे तसे ढग येईपर्यंत त्याने हवाई चित्रीकरण अडवून धरले. निर्मात्यांचा जीव खालीवर होत राहिला. मोटरवर चालणारे कॅमेरे विमानावर बसवले होते, त्यामुळे नायकांना विमान सांभाळता सांभाळता स्वतःच कॅमेरा चालू करून अभिनय करावा लागे. पहिल्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान याच चित्रपटाला मिळाला.

‘गॉन विथ द विंड’ची (१९३९) सुरुवात नायिकेविनाच झाली. १० डिसेंबर १९३८ च्या रात्री निर्माता डेव्हिड सेल्झनिकने अमेरिकन यादवी युद्धातला, अ‍ॅटलांटा शहराच्या आगीचा प्रसंग उरकून घेतला, तेव्हा मुख्य भूमिकेची निवड जाहीर व्हायची होती. यामागे व्यवहारी हिशेब होता. स्टुडिओच्या मागच्या आवारात जुन्या चित्रपटांचे सेट पडून होते आणि नव्या सेटसाठी ती जागा रिकामी करायची होतीच. मग ते पाडण्यापेक्षा त्यांना नवे दर्शनी मुखवटे चढवून पेटवूनच दिले. त्यांत ‘किंग काँग’मधली प्रचंड भिंतही खपली. त्या काळी उपलब्ध असलेले सातही टेक्निकलर (रंगीत चित्रीकरणाचे) कॅमेरे लावले होते आणि घोडागाडीत नायक-नायिकेऐवजी डमी कलाकार बसले होते. पुढे नायिका झालेली व्हिव्हियन ली त्याच रात्री सेल्झनिकला प्रथम भेटली. या भेटीची हकिगत नंतर इतकी रंगवून सांगितली गेली, की तिच्यात जाहिरातीचा वाटा किती हे ताडणे कठीण आहे. आगीचे दिग्दर्शन विल्यम कॅमरन मेन्झीसने केले. चित्रपटाचे समग्र दृश्यरूप आखणाऱ्याला ‘प्रॉडक्शन डिझायनर’ हे पद याच चित्रपटात, त्याच्यासाठी, प्रथम दिले गेले.

याच चित्रपटात जखमी सैनिकांनी भरलेले रेल्वेचे आवार दिसते. कॅमेरा नायिकेपासून मागे व उंच जात राहतो आणि जखमींची रांग संपता संपत नाही. स्टुडिओतली क्रेन एवढी उंच जाईना, म्हणून बांधकामाची क्रेन आणली. ती थरथरू नये म्हणून काँक्रीटचा उतार बांधला. माणसेही पुरली नाहीत, तेव्हा शेकडो पुतळे मध्ये निजवले. शेजारच्या जिवंत माणसाने पुतळ्याचा हात हळूच हलवायचा, अशी तोड काढली.

ऋतू आणि भूगोल यांची फसवणूक किती दूरवर नेता येते, हे पाहायला डेव्हिड लीनच्या ‘डॉक्टर झिवागो’कडे (१९६५) वळावे. बोरिस पास्तरनाकच्या मूळ कादंबरीवर सोव्हिएत संघात बंदी होती, तेव्हा तिथे चित्रीकरण होण्याचा प्रश्नच नव्हता. निर्माता कार्लो पाँटीने स्पेन निवडले. माद्रिदच्या वेशीवर कलादिग्दर्शक जॉन बॉक्सच्या देखरेखीखाली मॉस्कोचे रस्ते नव्याने उभे राहिले. नुसते दर्शनी देखावे न करता काही घरांच्या आतल्या खोल्याही बांधल्या, म्हणजे खिडकीतून रस्ता आणि रस्त्यावरून खिडकी असे दोन्हीकडून चित्रण करता यावे. लीनच्या दृष्टीने हे महत्त्वाचे होते, कारण त्याचे प्रेमी एकमेकांना बहुतेक वेळा काचेआडूनच पाहतात.

बर्फाने मात्र दगा दिला. सोरिया भागात हिवाळ्यात भरपूर हिम पडते म्हणून ती जागा निवडली होती, पण त्या वर्षी पुरेसे पडलेच नाही. गोठलेल्या तळ्यावरून घोडेस्वार दौडत जातात तो प्रसंग शेवटी ऐन उन्हाळ्यात घ्यावा लागला. कोरड्या पात्रात लोखंडी पत्रे अंथरून वर संगमरवराची भुकटी पसरली आणि जाड कोट-टोप्या घातलेले स्वार भर उन्हात त्यावरून दौडले. कथेतल्या वारिकिनो गावचे बर्फाने गोठलेले घर, जिथे नायक आपल्या प्रेयसीसाठी, लारासाठी, कविता लिहितो, ते मेणाने मढवलेले होते. मेण पांढरे तर दिसतेच, पण थंड पाणी मारले की गोठलेल्या बर्फासारखे कडक आणि चकचकीत होते. खरे हिम हवे होते अशी काही दृश्ये फिनलंडमध्ये टिपली. शेवटी दिसणारे धरण स्पेन-पोर्तुगालच्या सीमेवरचे, दुएरो नदीवरचे आहे. लाराच्या चेहऱ्यावर फक्त डोळ्यांच्या पट्टीत पडणारा प्रकाश पाहताना या खटाटोपाची आठवणही होत नाही. त्या प्रकाशयोजनेसह चित्रपटाच्या छायालेखनाचे ऑस्कर फ्रेडी यंगला मिळाले. तोही आधीच्या छायालेखकाचे लीनशी जुळेना म्हणून मागाहून आलेला.

कलावंतांच्या निवडीच्या भानगडी वेगळ्याच. पाँटीने कादंबरीचे हक्क घेतले ते पत्नी सोफिया लॉरेनला लारा करण्याच्या इच्छेने. लीनने ते होऊ दिले नाही. ओमर शरीफने पाशाची दुय्यम भूमिका मागितली होती, पदरात पडला नायक. त्याचा इजिप्ती चेहरा रशियन वाटावा म्हणून केसांची रेषा मागे सरकवली आणि डोळ्यांच्या कडा चिकटपट्टीने ताणल्या. लहानपणचा झिवागो म्हणून त्याचाच मुलगा उभा राहिला. स्पेनमध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीत रात्रीच्या वेळी रस्त्यावर जमावाकडून ‘इंटरनॅशनल’ हे कम्युनिस्टांचे गीत गाऊन घेणे हे वेगळेच साहस होते; आवाज ऐकून पोलीस सेटवर पोहोचल्याचे सांगतात.

वेशभूषा विभागाचे काम बाहेरच्यांना सहसा कळत नाही. नवा शिवलेला गणवेश कॅमेऱ्यात नवाच दिसतो, म्हणून तो घासून, विरवून, चिखलात लोळवून जुना करावा लागतो. नायकाचा एकच कोट अनेक प्रतींत तयार असतो : कोरा, मळलेला, फाटका, रक्ताळलेला; आणि स्टंटवाल्याच्या मापाचा वेगळा. चित्रीकरण उलटसुलट क्रमाने चालत असल्याने कोणत्या दिवशी कोणती प्रत, तिसरे बटण तुटलेले की शाबूत, हे कंटिन्युइटी (दृश्यादृश्यांतला सारखेपणा) पाहणाऱ्या व्यक्तीच्या वहीत असते. ती वही हरवली तर सेटवर हाहाकार माजेल.

जो राइटच्या ‘अटोनमेंट’मधला (२००७) दुसऱ्या महायुद्धातल्या डंकर्कच्या किनाऱ्याचा सुमारे पाच मिनिटांचा सलग शॉट कौतुकाचा विषय झाला. त्याचा उगम मात्र तंगीत आहे. इंग्लंडमधील रेडकारच्या किनाऱ्यावर हजारभर ज्युनियर आर्टिस्ट थोड्याच वेळासाठी हाताशी होते. प्रसंगाचे तुकडे करून घ्यायला सवड नव्हती. मग बराच वेळ नुसती तालीम करून स्टेडिकॅमवर (अंगावर बांधायच्या, हादरे न बसणाऱ्या कॅमेऱ्यावर) सगळे एका दमात घ्यायचे ठरले. कॅमेरामन कधी वाहनावर, कधी पायी असा फिरत गेला. उजेड मावळेपर्यंत तीन टेक पूर्ण झाले आणि तिसरा वापरला गेला. हल्ली उरलेली गर्दी संगणकावर भरता येते, पण कॅमेऱ्याजवळची माणसे खरीच लागतात.

खर्चाच्या दुसऱ्या टोकाला ‘पर्ल हार्बर’ (२००१) आहे : अंदाजपत्रक सुमारे १४ कोटी डॉलर. तेही ताब्यात ठेवण्यासाठी प्रमुख कलावंतांनी आगाऊ मानधन कमी घेतले. हवाईतील प्रत्यक्ष बंदरात सेवानिवृत्त जहाजांवर स्फोट घडवून ते अनेक कॅमेऱ्यांनी एकदम टिपले. उलटणाऱ्या युद्धनौकेसाठी मेक्सिकोतील रोसारितोचा, ‘टायटॅनिक’साठी बांधलेला मोठा जलाशय कामी आला. हल्ल्याचा भाग तांत्रिकदृष्ट्या आजही थक्क करतो. प्रेमाचा त्रिकोण मात्र बहुतेक समीक्षकांना कच्चा वाटला आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे.

चित्रीकरण संपले तरी आवाज उभा करायचा असतो. हवेचे पंखे, वाहने आणि स्फोट यांच्या गोंगाटात ध्वनिमुद्रित झालेले संवाद क्वचितच वापरता येतात. कलावंत नंतर स्टुडिओत डबिंग करतात. सेटवरचा स्फोट पुष्कळदा नुसता फट्‌ असा कोरडा वाजतो, पडद्यावर ऐकू येतो तो थरांवर थर चढवून बनवलेला. संगीत बहुधा सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने. ‘झिवागो’च्या वेळी संगीतकार मॉरिस जारच्या चाली लीन नाकारत राहिला. अखेर त्याने रशिया विसरून, मैत्रिणीला घेऊन डोंगरात जाऊन तिच्यासाठी काही लिही, असे जारला सुचवले. त्यातून लाराची धून आली. तिच्यासाठी बालालाइका हे रशियन तंतुवाद्य वाजवणारे वादक लॉस एंजेलिसमधील एका रशियन चर्चमध्ये सापडले. त्यांना नोटेशन वाचता येत नव्हते, म्हणून मोजकेच सूर त्यांच्याकडून पाठ करून घेतले आणि ते जिथे यायचे तिथे जार हाताने खूण करी. २२ डिसेंबर १९६५ ला न्यूयॉर्कमध्ये चित्रपटाचा पहिला खेळ झाला. नंतर लीनने त्याला आणखी कात्री लावली, पण धून जागची हलली नाही.